थांब्यावरची कापशी

६ मे

हदगावचे डॉक्टर आलेच नाहीत! सकाळपासून त्यांच्या दवाखान्याच्या बाकावर बसून पेशंटांचा खोकला ऐकला. कंपाउंडर दर थोड्या वेळानं "येतीलच" म्हणायचा. दुपार व्हायला आली तेव्हा म्हणतो, "लग्नाला गेलेत हिमायतनगरला." हे सकाळी सांगायला याच्या जिभेला काय झालं होतं? औषधांची बॅग मागं फेकली, कॅमेऱ्याची बॅग पुढच्या सीटवर घेतली. औषध कंपनीच्या एमआरला एक सुख आहे — कुठंही भटका, माणूस कामावरच असतो.

हिमायतनगरच्या रस्त्याला लागलो आणि मध्येच एका कच्च्या वाटेला वळलो. का ते माहीत नाही. वळावंसं वाटलं, वळलो. हरभरा काढून झालेलं रान, त्याच्या कडेला मुरमाड पट्टा, उन्हानं पांढरा पडलेला. आणि तिथं धाविक पक्षी! पळालं, थांबलं, वाकलं, काहीतरी टिपलं, परत पळालं. विटकरी छाती, डोळ्यावरून मागं गेलेली काळी-पांढरी पट्टी, काटकुळे पांढरे पाय. किती वर्षं झाली यांच्या मागे लागून! नीट फोटो एकही नाही.

तिवई लावली. झळा इतक्या होत्या की पक्षी पाण्यात बुडाल्यासारखा हलत होता. सगळे फोटो वाया. तेवढ्यात मागून आवाज — "काय मोजून राहिलाव सायेब?"

रानाचे मालक. शेषेराव. म्हटलं, मोजत नाही, पाखराचे फोटो काढतोय.

"खरं सांगा. रस्ता जाऊन राहिला का वावरातून?"

तिवईवर काहीही लावलेला माणूस म्हणजे जमीन घ्यायला आलेला सरकारी माणूस, असा इकडं पक्का समज आहे. त्यांना स्क्रीन दाखवली. बघून हसायलाच लागले. "हे व्हय? हे तर रोजचं हाय. लई पळतंय ओ हे. ह्याच्यासाठी एवढ्या उन्हात?"

आणि तेव्हाच दिसलं. जोडीतला एक पक्षी सारखा एकाच जागी जाऊन बसत होता. दुर्बीण लावली. तो उठला — खाली उघड्या मुरमावर दोन अंडी! घरटं नाही, काडी नाही, काही नाही. दगडासारखीच ठिपक्यांची अंडी, दगडांतच ठेवलेली. दुर्बीण काढून डोळे पुसले आणि परत बघितलं.

७ मे

नांदेडला मीटिंग. आमचे एरिया मॅनेजर सिद्धलिंग सर पडद्यावर आलेख दाखवत होते. मला सगळीकडं मुरूम दिसत होता.

८ मे

आज हदगावला काम नव्हतं, तरी गेलो. अंडी आहेत. पण शेषेराव म्हणाले, नांगरट राहिलीय, वैजनाथचा ट्रॅक्टर दोन-चार दिवसांत येणार!

म्हटलं, मामा, पिलं निघेपर्यंत थांबा. ते म्हणाले, "सायेब, ट्रॅक्टर एकदा गेला की हातापाया पडून आणावा लागतो. सगळ्या गावाची नांगरट एकदाच हाय." बरोबरच होतं त्यांचं. मी काय सांगणार? मला फोटो पाहिजे म्हणून तुमचं रान पडून राहू द्या? मी आपलं दुर्मीळ पक्षी, निसर्ग, समतोल असलं काहीतरी बोलत सुटलो. मीटिंगमध्ये गोळी विकतो त्याच सुरात. माझं मलाच ऐकवेना.

सुटका केली ती त्यांच्या बायकोनं. केवळाबाई बांधावर शेणी रचत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "अंड्यावर बसलीय म्हणल्यावर बाळंतीणच की ती! बाळंतिणीला अंथरुणातून उठवता का?"

संपला विषय. शेषेरावमामांनी डोक्यावरचा रुमाल काढून झटकला आणि म्हणाले, "तेवढा पट्टा सोडतो. बाकीचं नांगरून घेतो. पिलं निघाली की सांगा." मी केवळामावशींच्या पाया पडायचाच बाकी होतो.

पिलं अंड्यातून निघाली की घटकाभरात पळायला लागतात. आई पुढं आणि मुठीएवढी दोन पिलं मागं, मुरमावर — हा फोटो. हा एक फोटो मिळाला की मी शांत बसेन. बायको म्हणेल, हे तू प्रत्येक फोटोच्या वेळी म्हणतोस.

११ मे, लातूर

घरी. विशाखाला सुट्टी आहे. तिचं कॉलेज इथं, माझं मुख्यालय नांदेडला. लग्न झाल्यापासून आमचा संसार असा शनिवार-रविवारचा. दारातच म्हणाली, "राहायला आलायस की कपडे धुवायला टाकायला?"

दुपारी सिनेमा लावला. मी चार वेळा उठलो. पाणी. गॅलरी. परत पाणी. गॅलरीतून समोरच्या टाकीवर साळुंक्या दिसतात, त्या बघितल्या. ती टीव्ही बंद करून म्हणाली, "अनिमेष, झाडाखाली पाच-पाच तास बसतोस ना रे तू? तिथं पायाला मुंग्या येत नाहीत?" येत नाहीत, हे खरं उत्तर होतं.

म्हणाली, मी येते या आठवड्यात नांदेडला, सुट्टीच आहे. मी म्हटलं, सकाळी लवकर निघावं लागतं मला, तू एकटी काय करशील? तिनं कपडे वाळत घातले. चुकलं माझं. पण डोक्यात त्या वेळी तो पट्टा होता, आणि ट्रॅक्टर.

१३ मे, निलंगा

दोन दिवस इकडचा दौरा. उसाच्या ट्रॉल्या नाहीत आता, तरी रस्ता तसाच खड्ड्यांचा. दवाखान्यातल्या शांतम्माबाई मी उठून दाराशी गेलो की कानडीत "कुंडरी, कुंडरी" म्हणून परत बसवतात. कितीदा बसणार?

मनात एकच. ट्रॅक्टर आला असेल. वैजनाथला पट्टा कळेल का? उघड्या रानात कसली हद्द आणि कसलं काय! बाहेर येऊन मामांना फोन लावला. "मामा, लांबून दिसेल अशी काहीतरी खूण करून ठेवा पट्ट्याच्या कडेनं."

"करतो की! बिनघोर ऱ्हावा सायेब. झकास खूण करतो."

परत येऊन बसलो. शांतम्माबाई खूश.

१५ मे

पट्टा शाबूत! चारी बाजूंनी काळी नांगरट आणि मध्ये तो पांढरा मुरूम, जसाच्या तसा. धाविक अंड्यांवर. गाडीतच डोळे भरून आले — उगाच. एवढंसं पाखरू.

आणि मामांची खूण! पट्ट्याच्या चारी कोपऱ्यांना चार पक्षीथांबे उभे. छातीएवढी काठी, वर आडवी पट्टी, इंग्रजी टी अक्षरासारखी. टोकाला लाल चिंधी. "हरभऱ्यात लावले हुते घाटेअळीसाठी," मामा म्हणाले. "पाखरं त्याच्यावर बसतेत, अळ्या खातेत. पडूनच हुते घरी. म्हणलं, खूणबी हुईल, अन् तुमच्या पाखरायला बसायबी हुईल!"

धाविक जन्मात काठीवर बसत नाही. जमिनीवरचा पक्षी. पण त्या माणसाचं तोंड इतकं फुललं होतं की मी म्हटलं, "झकास मामा! एक नंबर!" हसू आवरून म्हटलं. माया होती हो त्यात.

गाडी पांदीच्या तोंडाशी लावून काचेतून लेन्स बाहेर काढली आणि बसलो. ऊन अजून कोवळं होतं. कुठून आली कळलं नाही — कापशी! ती पांढरी-राखाडी छोटी घार, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक. जवळच्या थांब्यावर येऊन बसली. माझ्या डोळ्यांच्या रेषेत! कापशी नेहमी विजेच्या तारेवर, मान मोडून वर बघत फोटो काढायचे. ही समोर, मागे काळीभोर नांगरट, तोंडावर ऊन. हवं तेवढं काढून घेतलं. ती खाली बघत राहिली, मी तिच्याकडं. परत येताना गाडीत मोठ्यानं गाणी म्हणत होतो.

सिद्धलिंग सरांचा फोन. "अनिमेष, ॲपवर तुझं लोकेशन सकाळपासून एका शेतात दाखवतंय. तिथं कोणता डॉक्टर बसतो?" सांगितलं, नेटवर्कचा घोळ आहे सर.

१६ मे

कापशीचा फोटो आमच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. सकाळपासून फोन थांबेना. ज्यानं गेली दोन वर्षं माझ्या एका फोटोला साधा अंगठा दाखवला नाही, तोसुद्धा "कुठं रे कुठं?" करतोय. सांगतो काय मी!

एक विचार येतो. कापशी त्या थांब्यावर बसायला लागली आणि खाली अंडी आहेत. बरं नाही हे. पण पुस्तकात तिचं खाणं उंदीर, सरडे, टोळ. अंडी नाही. आणि पिलं...

थांबे काढायलाच पाहिजेत. मामांना सांगावं. फोन हातात घेतला होता. पण आज सांगितलं तर ते आजच उपटतील. उद्या सकाळी ती परत तिथंच येईल — आणि उडताना, झेपावताना, डोळ्यांच्या रेषेत! असा फोटो महाराष्ट्रात किती जणांकडं असेल? छत्रपती संभाजीनगरच्या प्रदर्शनाची मुदत परवा संपतेय.

उद्या एक सकाळ. मग लगेच काढू. मीच उपटीन स्वतःच्या हातानं.

१७ मे

मिळाला!!

आली. त्याच थांब्यावर. बराच वेळ नुसती बसली. मग वर उठली, हवेत एका जागी पंख फडफडवत थांबली — कापशी थांबते तशी — आणि पाय खाली सोडून सरळ झेपावली. शटर दाबून धरलं, सोडलंच नाही. पंख वर, नख्या पसरलेल्या, लाल डोळा ठिणगीसारखा. कॅमेरा खाली घेऊन स्क्रीन बघत बसलो. वर पाहिलं तेव्हा ती गेलेली होती.

मग अंड्यांची जागा पाहिली. अंडी नाहीत! कवचाचे तुकडे. पिलं निघाली! दोन्ही! कुठंतरी मुरमात दबून बसली असतील. शोधली, सापडली नाहीत, ती अशी सापडायचीही नाहीत. आईबापाची जोडी लांब ओढ्याकडं पळत होती. पिलांचा फोटो उद्या-परवा. घाई नाही आता.

मामा-मावशी बांधावर उभे होते. मी लांबूनच दोन्ही हात वर करून हलवले. त्यांनी हलवले नाहीत. उन्हामुळं दिसलो नसेन. चारही थांबे उपटले, अलीकडच्या बांधाला रचून ठेवले आणि हदगावला पळालो. डॉक्टर आज चक्क वेळेवर आले होते.

१८ मे

झेपावणारी कापशी प्रदर्शनाला पाठवली. मूळ फोटोत खाली जरा कचरा येत होता — ढेकळं, काहीतरी तपकिरी धूसर. कापला. आता नुसती कापशी आणि काळी पार्श्वभूमी. देखणा झालाय. मीच माझा फोटो सारखा उघडून बघतोय. लाज नाही.

मामांना फोन केला. "मामा, निघाली पिलं! दोन्ही! आता पट्टासुद्धा नांगरा खुशाल."

तिकडून, "हाव... निघाली म्हणता. बरं झालं सायेब." आवाजात काही उत्साह नव्हता. कामात असतील.

१९ मे

निवड झाली! प्रदर्शनाचं निमंत्रण माझ्याच फोटोवर छापणार म्हणे. कळवलंय — फोटोत फेरफार नाही ना, हे तपासायला कॅमेऱ्यातली मूळ फाइल पाठवा. कायमचा नियम आहे.

विशाखाला सांगितलं. खूश झाली. "आता तरी शांत बसशील?" बसेन म्हटलं. आज पहिल्यांदा मनापासून.

२० मे

मूळ फाइल शोधायला त्या सकाळचे सगळे फोटो उघडले.

तो तपकिरी कचरा म्हणजे धाविक आहे. पंख पूर्ण पसरलेले, मान वर, चोच उघडी. घारीच्या आणि मुरमाच्या मध्ये उभी आहे. तिच्या मागं, मोठं करून पाहिलं तर, मातीच्या रंगाचं एक पिलू.

पुढच्या फोटोत कापशी जमिनीला टेकलेली. त्याच्या पुढच्या फोटोत ती वर उठतेय आणि तिच्या नख्यांत ते लटकतंय. पाय दिसतात त्याचे. चांगले लांब पाय.

हे सगळं माझ्यासमोर झालं. मी डोळ्याला कॅमेरा लावून बघत होतो आणि मला लाल डोळा तेवढा दिसला. नंतर घरी बसून त्या आईला कापून टाकलं मी. कचरा म्हणून.

जेवलो नाही. संध्याकाळपर्यंत गाडी घेऊन नुसता फिरलो. शरम वाटते. दुसरा शब्द नाही.

२१ मे

सांगायला गेलो होतो. सरळ सांगायचं, असं वाटेत दहादा घोकलं.

पट्टा नांगरलेला नव्हता. तसाच. विचारलं तर मामा म्हणाले, "ट्रॅक्टरवाला आला न्हाई."

आणि बांधावर मावशी. एक दगड धुऊन मांडलेला, त्याला हळद-कुंकू, पुढं लिंबू आणि द्रोणात गुळाचा शिरा. मला बघून म्हणाल्या, "बरं झालं आलाव. पाचवी हाय आज."

मला कळेना. मग कळलं. बाळंतीण म्हणाल्या होत्या ना! मूल झालं की पाचव्या दिवशी सटवाईची पूजा करतात, ती रात्री येऊन मुलाचं नशीब लिहिते म्हणून. या बाईनं धाविकाच्या पिलांची पाचवी घातली होती! मामा बाजूला उभे राहून अवघडल्यासारखं हसत होते. "खुळी हाय ती. ऐकतच न्हाई."

"हात जोडा," मावशी म्हणाल्या. जोडले. हातावर शिरा घातला. तो गिळताना मी काय बोलावं? कोणी विचारलं नसताना बोललो, "दोन्ही पिलं छान आहेत मावशी. पळतायत."

मावशींनी मामांकडं पाहिलं. मामा म्हणाले, "हाव. सायेब म्हणतेत तर आसतील."

गाडीत बसलो आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. थांबे त्यांनी लावले होते, मायेनं, माझ्या पाखरांना बसायला. खरं सांगितलं तर तो माणूस आयुष्यभर म्हणेल की माझ्या काठीमुळं पिलू गेलं. म्हणून सांगितलं नाही. म्हणून की भ्यालो म्हणून, तेही धड कळत नाही.

२२ मे

प्रदर्शनवाल्यांचा परत निरोप — मूळ फाइल? पाठवली नाही. नाव मागंही घेतलं नाही. दिवसभर भोकर, उमरी, परत नांदेड. पायाला भिंगरी म्हणतात ती ही. सिद्धलिंग सर खूश आहेत, एवढे डॉक्टर एका दिवसात कधी केले नव्हते मी.

२३ मे

विशाखा आली. न विचारता आली, बरं केलं. स्टँडवर घ्यायला गेलो तर माझं तोंड बघूनच म्हणाली, "काय झालंय?"

खोलीवर येऊन तिला ते तीन फोटो ओळीनं दाखवले. तिसऱ्यावर तिनं तोंड फिरवलं.

मी सगळं ओकून टाकलं. मामांचे थांबे, त्यांना कसं सांगू, त्यांना किती लागेल, बिचारे, वगैरे. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थांबे त्यांनी लावले, खरंय. पण घार येते हे कळल्यावर एक सकाळ जास्त कुणी ठेवले? त्यांनी?"

मी फोटो बंद केले.

"त्यांना वाचवतोयस असं स्वतःला सांगू नकोस. जा आणि सांग. थांब्यांचा दोष नाही, माझा आहे, असं सांग. मी येते बरोबर."

राग आला. खूप. अर्धा तास नदीकाठानं चालून आलो. गोदावरीवर नदीसुरय उडत होते, अगदी जवळून. कॅमेरा नव्हता आणि नव्हता तेच बरं वाटलं. परत आलो तर तिनं पिठलं टाकलं होतं. म्हटलं, परवा जाऊ.

२४ मे

प्रदर्शनाला कळवलं — फोटो मागे घेत आहे. कारण विचारलं त्यांनी. लिहिलं : फोटो अर्धा आहे.

२५ मे

दोघं गेलो. बाजेवर टेकताच मामांना सगळं सांगून टाकलं. घार, पिलू, ती एक सकाळ, पाचवीच्या दिवशीचं माझं खोटं. थांब्यांचा दोष नाही, हे दोनदा सांगितलं. मान वर केली नाही.

मामा तंबाखू मळत होते. म्हणाले, "ठाऊक हाय ना सायेब. बांधावरच हुतो की आम्ही. दिसलं सगळं."

एक पिलू राहिलंय म्हणे, ओढ्याच्या अंगाला. पाचवी त्याची होती. पट्टाही त्याच्यासाठीच ठेवलाय, ट्रॅक्टरवाल्याला मामांनीच परत पाठवलं.

"मग त्या दिवशी हाक का नाही मारली? एक दगड तरी भिरकावायचा होता!" मी जवळजवळ ओरडलोच.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग मावशी म्हणाल्या, "ती घार वर फडफड करायली तवाच मी वरडणार हुते. ह्यांनी माझ्या तोंडावर हात ठिवला. म्हणले, गप ऱ्हा, सायबाला तोच फोटू पायजे आसंल."